पाऊण मिनिट रेंगाळणारं शिखर: केळीची साल, विद्युतरासायनिक डिटेक्टर आणि त्याच्या वेगाचं गणित

आमचं कॉलेज तापीकाठी, चोपडा-अमळनेर पट्ट्यात आहे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी केळी निवडली. घरची बाग असल्यामुळे कच्च्यापासून काळ्या पडलेल्या केळीपर्यंत हवा तेवढा माल हाताशी होता. केळीत डोपामीन असतं, आणि गरापेक्षा सालीत फारच जास्त. कॅव्हेंडिश गटातल्या केळीच्या १०० ग्रॅम सालीत ८० ते ५६० मिलिग्रॅम आणि तेवढ्याच गरात २.५ ते १० मिलिग्रॅम डोपामीन मोजलं गेलेलं आहे. आपली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही सगळी त्याच गटातली. डोपामीन इलेक्ट्रोडवर सहज ऑक्सिडाइझ होतं, रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन देतं. म्हणजे करंट मोजला की प्रमाण कळतं.

उपकरण आम्हीच जुळवलं होतं. पेरिस्टाल्टिक पंप मिनिटाला १ मिलि बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) ढकलायचा, इंजेक्टरच्या लूपमधून त्या ओघात २० मायक्रोलिटर नमुना सुटायचा, तो टेफ्लॉनच्या नळीतून पातळ-थराच्या सेलमध्ये जायचा. सेलमधली वाट ०.१ मिमी जाड, ५ मिमी रुंद आणि १० मिमी लांब. तळाला ३ मिमी व्यासाची ग्लासी कार्बनची चकती. करंट एका ऑप-ॲम्पने (सिग्नल वाढवणाऱ्या चिपने) व्होल्टेजमध्ये बदलून संगणकावर उतरवायचा. नमुना असा वाहत्या ओघात सोडून मोजण्याची पद्धत रुझिच्का आणि हान्सेन यांनी १९७५ मध्ये डेन्मार्कमध्ये मांडली. तिचं सगळं आकर्षण वेगात आहे.

आमच्याकडे मात्र वेगाचाच घोळ होता. इंजेक्शन दिल्यावर सात-आठ सेकंदांनी रेघ वर चढायची, दहाव्या सेकंदाच्या आसपास शिखर यायचं, आणि मग शेपटी. रेघ मूळ जागी यायला इंजेक्शनपासून जवळपास पाऊण मिनिट लागायचं. भारनियमनाच्या आधी काम उरकायचं म्हणून मुलं अर्ध्या मिनिटाने पुढचा नमुना सोडत होती. सालीनंतर साल असेल तर फारसं बिघडत नव्हतं. सालीनंतर गर आला की गराचा आकडा दीडपट यायचा. तोच गर पुन्हा दिला की खाली यायचा. हिशेब साधा आहे. साल गराच्या पन्नासपट असेल आणि सालीच्या शिखराचा फक्त एक टक्का शेपटीत उरला असेल, तरी तो गराच्या शिखराच्या निम्मा भरतो.

माझा पहिला संशय इलेक्ट्रोडवर गेला, आणि तो निराधार नव्हता. केळीची साल काळी पडते ती डोपामीनचं ऑक्सिडीभवन होऊन पुढे त्याचं मेलॅनिनसारखं बहुलक बनल्यामुळे. सालीत ते काम एन्झाइम करतं, आमच्या सेलमध्ये तेच काम इलेक्ट्रोड करतो. चकतीवर असा दाट पापुद्रा बसला आणि त्यातून रेणूंना वाट काढावी लागली, तर उशीर होणारच. विसरणाला, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याला, लागणारा वेळ जाडीच्या वर्गाला विसरणांकाने भागून येतो. पापुद्रा १ मायक्रोमीटर जाड आणि त्यातला विसरणांक सेकंदाला १०⁻⁹ चौरस सेमी धरला तर उत्तर येतं १० सेकंद. म्हणून मी तिला रोज सकाळी चकती ॲल्युमिनाच्या पावडरीवर घासायला लावत होतो. आठवडा गेला. शिखराची उंची सुधारली, शेपटी तशीच राहिली.

एके दिवशी तीच म्हणाली, "सर, घासून झालं. आता प्रत्येक भागाला किती वेळ लागायला हवा ते कागदावर काढू का?" या प्रकरणाची खरी सुरुवात तिथून झाली.

तिने यादी केली ती नमुन्याच्या वाटेप्रमाणे. लूपमध्ये २० मायक्रोलिटर, सेकंदाला १६.७ मायक्रोलिटर ओघ, म्हणजे नमुन्याची पट्टी मुळातच १.२ सेकंदांची. सेलचं आकारमान ५ मायक्रोलिटर, तिथे ०.३ सेकंद. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर आयनांचा जो दुहेरी थर बसतो तो संधारित्रासारखा वागतो: चौरस सेमीला २० मायक्रोफॅरड धरले तर आमच्या चकतीला १.४ मायक्रोफॅरड. बफरमध्ये ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड होतं, त्याचा विशिष्ट रोध २५ अंशाला सुमारे ७८ ओहम-सेमी. एक सेमी लांबीच्या त्या चिंचोळ्या वाटेचा रोध साडेपंधरा किलोओहम. दोन्हींचा गुणाकार ०.०२ सेकंद. तो विसरून जावा इतका लहान.

विसरण थराचं गणित जास्त सुंदर आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. वाहत्या द्रवात भिंतीला लागून वेग शून्य असतो आणि आत जावं तसा वाढत जातो. आमच्या सेलमध्ये सरासरी वेग सेकंदाला ३.३ सेमी होता, तर भिंतीजवळचा वेगाचा चढ प्रतिसेकंद २००० येतो. डोपामीनचा विसरणांक साधारण ६×१०⁻⁶ चौरस सेमी प्रतिसेकंद. रेणू चकतीवरून वाहत जाता जाता आडवे सरकून पृष्ठभागाला टेकतात, आणि ही दोन्ही हालचालींची स्पर्धा सोडवली की चकतीच्या शेवटच्या कडेला विसरण थराची जाडी १८ मायक्रोमीटर मिळते. वाटेच्या १०० मायक्रोमीटरपैकी तळाचा फक्त पाचवा हिस्सा इलेक्ट्रोडला 'दिसतो'. वरून जाणाऱ्या बाकीच्या डोपामीनला खाली इलेक्ट्रोड आहे याचा पत्ताच नसतो. १० मायक्रोमोलर द्रावणाला करंट निघतो ०.९ मायक्रोॲम्पियरच्या आसपास, म्हणजे येणाऱ्या डोपामीनपैकी तीनेक टक्केच खर्ची पडतं. बाहेरची संहती बदलली तर या थराला नवी स्थिती गाठायला दोन-तीन दशांश सेकंद पुरतात. स्वच्छ इलेक्ट्रोड आमच्या शेपटीच्या शंभराव्या हिश्शाइतकाही मंद नव्हता.

मग ऑप-ॲम्प. सर्किट उघडून पाहिलं तर १ मेगओहमच्या रोधाला समांतर १ मायक्रोफॅरडचा संधारित्र. दोघांचा गुणाकार, म्हणजे कालांक, बरोबर १ सेकंद. दोन वर्षांपूर्वी पंपाच्या ठोक्यांमुळे रेघ थरथरायची म्हणून तो मीच लावला होता. सेलच्या जागी साधा रोध जोडून बटण दाबलं, तर सिग्नल पहिल्या सेकंदात ६३ टक्के चढला. सेलचा काही संबंध नसताना. अशा फिल्टरची शेपटी घातांकी असते आणि एक टक्क्यावर यायला कालांकाच्या ४.६ पट वेळ घेते. म्हणजे साडेचार सेकंद. गुन्हा मान्य, पण पाऊण मिनिटाचा जाब एवढ्याने मिळत नव्हता.

राहिली नळी. इंजेक्टर टेबलाच्या एका टोकाला आणि सेल दुसऱ्या टोकाला म्हणून ५० सेमी नळी लावलेली, आतला व्यास ०.८ मिमी. तिच्यात २५१ मायक्रोलिटर मावतात. नमुन्याच्या साडेबारा पट. सरासरी प्रवास १५ सेकंदांचा. प्रयोगशाळेतले मदतनीस दारात उभे राहून ऐकत होते. ते अहिराणीतच म्हणाले, "सर, नळी लांब शे ना, पानी उशिरच येस." ती लगेच म्हणाली, की ठिबकमधून खत सोडताना घरी नेमकं हेच होतं. व्हेंचुरीतून खत ओढायला लागलं तरी लॅटरलच्या शेवटच्या झाडापर्यंत ते पोचायला वेळ लागतो, आणि खताची टाकी बंद केल्यावरही नळीत खत उरतं म्हणून मागून नुसतं पाणी चालवावं लागतं. मला हे मान्य होतं, पण नुसता उशीर झाल्याने शिखर पसरत नाही. पंधरा सेकंद उशिरा आलेली पट्टी १.२ सेकंदांचीच राहू शकते. नळी तिला पसरवते का, हा खरा प्रश्न होता.

इथे आम्ही एक चूक केली, आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. बारीक नळीतल्या पसरणाचं सूत्र जी. आय. टेलर यांनी १९५३ मध्ये दिलं. मध्यभागचा द्रव पुढे धावतो, भिंतीजवळचा मागे राहतो, आणि विसरण रेणूंची मध्य-कडा अशी अदलाबदल करत त्यांना एकत्र ठेवतं. या सूत्रानुसार काळातलं प्रचरण (पसरणाचं माप, प्रमाण विचलनाचा वर्ग) म्हणजे त्रिज्येचा वर्ग गुणिले लांबी, भागिले विसरणांक आणि वेग यांच्या गुणाकाराच्या २४ पट. आकडे घातले तर प्रमाण विचलन आलं १३ सेकंद. मला आनंद झाला, शेपटीचं कारण सापडलं असं वाटलं. तिला पटेना. तिचं म्हणणं, सरासरी प्रवास १५ सेकंदांचा आणि विचलन १३ चं, तर गॉसच्या घंटेसारख्या वक्राचा एक भाग इंजेक्शनच्या आधीच सेलमध्ये पोचायला हवा!

ती बरोबर होती. टेलरचं सूत्र लागू पडायला रेणूंना नळीचा मध्य ते भिंत हे अंतर विसरणाने अनेकदा पार करायला वेळ मिळाला पाहिजे. तो वेळ त्रिज्येच्या वर्गाला विसरणांकाने भागून येतो, आमच्या नळीत २६७ सेकंद. रेणू आत असतात १५ सेकंद. सूत्र खरं, पण आमची नळी त्याच्या राज्यात नव्हती. पुस्तकातलं सूत्र उचलताना त्याच्याखालची अट वाचायची राहिली की असं होतं, आणि ती राहिली होती शिकवणाऱ्याकडून.

टेलर यांनी पोटॅशियम परमँगनेट सोडून पाहिलं होतं, आम्हीही पाहिलं. पांढऱ्या कागदावर नळी सरळ ठेवली आणि जांभळी पट्टी सोडली. काही सेंटीमीटरमध्येच तिची जीभ झाली. टोक पुढे गेलं आणि भिंतींवर फिकट गुलाबी पडदा मागे राहिला. रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळाळता हे सांगणारा आकडा) फक्त ३०, त्यामुळे घुसळण कसलीच नाही. ठिबकच्या लॅटरलमध्ये पाणी सुरुवातीला तरी खळाळत जातं, इथे तेवढंही नाही.

मग विसरण पूर्ण सोडून देऊन नुसत्या वाहण्याचं गणित मांडलं. मध्यभागचा वेग सरासरीच्या दुप्पट, म्हणून पहिला थेंब निम्म्या वेळात, साडेसात सेकंदांनी पोचतो. आमची रेघ तेव्हाच चढायची! त्यानंतर येणाऱ्या पदार्थाचा दर काळाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. ही शेपटी घातांकी शेपटीपेक्षा फार चिवट असते. उंचीच्या दहाव्या भागावर यायला १६ सेकंद उजाडतात, शंभराव्या भागावर यायला ३५. या वक्राचं प्रचरण गणिताने अनंत येतं, म्हणून प्रत्येक भागाच्या प्रचरणांची बेरीज करून एकूण पसरण काढायची नेहमीची रीत इथे चालत नाही. आम्ही बेरीज सोडली आणि संपूर्ण आकार पुढे नेला: १.२ सेकंदांची पट्टी नळीतून, मग सेल, मग विसरण थर, मग फिल्टर. एका साध्या तक्त्यात ०.०२५ सेकंदाच्या पायरीने हे करता येतं. नव्या ओळीतला आकडा म्हणजे जुना आकडा, अधिक पायरी भागिले कालांक गुणिले आत येणाऱ्या आणि जुन्या आकड्यातला फरक. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

नळीतून बाहेर पडतानाच पट्टीची कमाल संहती मूळच्या २६ टक्क्यांवर आलेली होती, आणि फिल्टर धरल्यावर सहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे आम्ही वेगच गमावत नव्हतो, नमुन्याचा सहापैकी पाच हिस्से सिग्नलही नळीत आणि फिल्टरमध्ये घालवत होतो. मॉडेलचं शिखरही दहाव्या सेकंदाच्या जवळच आलं.

तरी मला खात्री हवी होती, कारण चकतीवरचा पापुद्राही चिवट शेपटी देऊ शकतो. दोघांना वेगळं करायची परीक्षा फुकटची निघाली: पंपाचा वेग बदलणे. नळीतला सगळा काळ ओघाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. विसरण थराचा काळ ओघाच्या दोन-तृतीयांश घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, ओघ दुप्पट केला तर ०.६३ पट होतो. पापुद्र्याच्या आतल्या रेणूंना मात्र बाहेर पाणी किती जोरात वाहतंय याची खबर नसते, आणि ऑप-ॲम्पलाही नसते. मिनिटाला अर्धा, एक आणि दोन मिलि असे तीन ओघ चालवले. शेपटी दरवेळी ओघाबरोबर लांबली-आखडली, दुप्पट ओघाला जवळपास निम्मी झाली. चकती निर्दोष ठरली. दोन्ही अक्षांवर लॉग घेतल्यावर शेपटीचा सुरुवातीचा उतार तीनच्या जवळ आला. पुढे रेघ मॉडेलपेक्षा लवकर खाली वळत होती, कारण तोपर्यंत भिंतीजवळचे रेणू विसरणाने मध्याकडे सरकून ओघात सामील झालेले असतात. ते आम्ही मॉडेलमध्ये घातलं नव्हतं, आणि या निर्णयापुरतं घालायची गरजही नव्हती.

दुरुस्ती दोन तासांची झाली. इंजेक्टर सेलच्या शेजारी आणला. ५० सेमीच्या जागी २० सेमी नळी, आतला व्यास ०.२५ मिमी, आकारमान २५१ वरून १० मायक्रोलिटरच्या आत. दाब वाढेल म्हणून भीती होती, कारण दाब त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात चढतो. हिशेब केला तर पाव-अर्ध्याच्या मधला, ०.३ बार. पंपाला तो जड नाही. संधारित्र १ ऐवजी ०.१ मायक्रोफॅरडचा लावला. रेघ सहा-सात सेकंदांत मूळ जागी यायला लागली आणि शिखर जवळपास पाचपट उंच झालं. मॉडेलने नव्या जुळणीसाठी मूळ संहतीच्या ८५ टक्क्यांच्या आसपास शिखर सांगितलं होतं, त्याच्याशी हे जुळतं.

फिल्टर हलका केल्यावर पंपाचे ठोके अर्थातच परत दिसू लागले. मुळात तो संधारित्र त्यासाठीच होता. यावेळी ठोके जिथे जन्मतात तिथेच मारले: पंप आणि इंजेक्टर यांच्यामध्ये टी-जोड देऊन १० मिलिची प्लॅस्टिक सिरिंज उभी केली, वर हवा कोंडून. हवा दबते-फुगते आणि ओघ सपाट होतो. इतकी मोठी पोकळी वाटेत घातल्याने शिखर पसरेल का, असं एका विद्यार्थ्याने विचारलं. नाही, कारण नमुना तिच्यापुढे जन्माला येतो. इंजेक्टरच्या आधी बादली ठेवा, शिखराला कळणार नाही. इंजेक्टर आणि इलेक्ट्रोड यांच्यामधला एकेक मायक्रोलिटर मात्र मोजून द्यावा लागतो.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट समोर आली, ती आपल्या भागापुरती महत्त्वाची. आमच्या खोलीत वातानुकूलन नाही, दुपारी ४० अंश होतात. पाण्याची श्यानता २५ अंशाला ०.८९ मिलिपास्कल-सेकंद, ४० ला ०.६५. विसरणांक तापमानाच्या सम आणि श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात चालतो, म्हणून तो १.४३ पट होतो. पातळ-थराच्या सेलमधला करंट विसरणांकाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतो: १.२७ पट. संहती तीच असून सकाळचा आणि दुपारचा आकडा यांत मोठा फरक पडू शकतो. विसरण थराचा प्रतिसाद थोडा जलदही होतो, पण तो नफा नगण्य आहे. उंचीतली चूक मात्र नगण्य नाही. आता प्रत्येक पाच नमुन्यांमागे एक प्रमाण द्रावण सोडतो आणि तापमान वहीत लिहितो.

सालीचे आणि गराचे अंतिम आकडे मी इथे देत नाही. केळीत ॲस्कॉर्बिक आम्लही असतं आणि तेही याच व्होल्टेजला ऑक्सिडाइझ होतं. आमच्या जुळणीत दोघांना वेगळं करणारा स्तंभ नाही, त्यामुळे अर्काचं शिखर हे नुसत्या डोपामीनचं नाही. वर सांगितलेल्या वेगाच्या सगळ्या चाचण्या शुद्ध डोपामीन हायड्रोक्लोराइडच्या ताज्या द्रावणावर केल्या आहेत, आम्लयुक्त बफरमध्ये, म्हणजे बहुलक बनण्याचा वेग कमी राहतो. पुढच्या वर्षी स्तंभ जोडायचा आहे. तेव्हा स्तंभातून निघणारं शिखर स्वतःच काही सेकंदांचं असेल, आणि डिटेक्टरने त्यात भर घालता कामा नये. आता डिटेक्टरचा सर्वांत मंद भाग सेल स्वतः आहे, ०.३ सेकंद. तो कमी करायचा तर वाट ०.१ ऐवजी ०.०५ मिमी करावी लागेल. सेलमधला काळ निम्मा होईल, पण रोध दुप्पट होईल. तिने तोही हिशेब वहीत करून ठेवला आहे: दुहेरी थराचा कालांक ०.०४ सेकंदांवर जातो, तेवढं परवडतं.

चकती आता आठवड्यातून एकदा घासतो. टेबलावरची ती ५० सेमीची नळी बाटली आणि पंप यांच्यामध्ये लावली आहे.